विद्यापीठाचा नकाशा आणि विद्यार्थ्याचा दिवस

एखाद्या विद्यापीठाचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे कुलगुरूंची नामावली, पदवीदान समारंभातील भाषणे, अभ्यासक्रमातील फेरफार आणि नामांकित विद्यार्थ्यांची चरित्रे यांना त्यात हटकून स्थान मिळते. परंतु ज्या कागदावर त्या विद्यापीठाच्या इमारती, रस्ते, वसतिगृहे आणि प्रवेशद्वारे प्रथम रेखाटली गेली, तो नकाशा मात्र इंजिनिअरच्या कपाटात पडून राहतो. त्याला कोणी इतिहासाचे साधन मानीत नाही. वस्तुतः अभ्यासक्रम दहा वर्षांनी बदलतो, कुलगुरू तीन किंवा पाच वर्षांनी बदलतात. नकाशा मात्र एकदा जमिनीवर उतरला, की तो पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही. विद्यार्थ्याने सकाळी किती वाजता उठावे, तासाला पोहोचण्यासाठी किती चालावे, दुपारचे जेवण कोठे घ्यावे, रात्री ग्रंथालयातून परतावे की न परतावे, हे सारे वेळापत्रकाच्याही आधी तो नकाशा ठरवून टाकतो. इतकेच नव्हे, तर त्या विद्यापीठात कोण शिकू शकेल आणि कोणाला ते दार बंदच राहील, हेही पुष्कळदा त्यावरूनच ठरते. भारतातील विद्यापीठांच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले, तर काही ओळखीच्या घटनांचा वेगळाच अर्थ लागू लागतो.

१८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे जी पहिली तीन आधुनिक विद्यापीठे स्थापन झाली, त्यांना नकाशाच नव्हता असे म्हटले तरी चालेल. लंडन विद्यापीठाचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या कायद्यांनी त्यांच्याकडे परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच काम सोपविले होते. शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे, आणि राहण्याजेवण्याची सोय ज्याची त्याने पाहावयाची. १८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली आणि तीत एकवीस विद्यार्थी उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतलेच. त्या वेळी विद्यापीठाजवळ स्वतःची म्हणावी अशी इमारतही नव्हती. पुढे कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून १८७४ मध्ये पदवीदान सभागृह उभे राहिले. त्यानंतर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा ही वास्तू १८७८ मध्ये पूर्ण झाली. लंडनमध्ये बसून सर गिल्बर्ट स्कॉट यांनी त्यांचे आराखडे केले. मनोऱ्याची उंची सुमारे २८० फूट. मुंबईच्या शोभेत त्याने मोठीच भर घातली, यात संशय नाही. परंतु देणगी, दगड आणि कारागिरी यांचा एवढा मेळ जुळूनही या वास्तुसमूहात विद्यार्थ्याने रात्री पाठ टेकावी अशी एकही खोली नव्हती. विद्यापीठ म्हणजे विद्यार्थ्याने वर्षातून एकदा परीक्षेसाठी आणि जन्मातून एकदा पदवीसाठी यावयाचे ठिकाण, अशीच त्या काळची कल्पना होती.

या कल्पनेचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडले, हे पाहण्यासारखे आहे. ज्याचे नातलग मुंबईत होते, ज्याला जातीच्या ओळखीने एखाद्या घरी वार लावून जेवता येत होते किंवा ज्याचे वडील खानावळीचे पैसे पाठवू शकत होते, त्याची सोय लागे. इतरांना मार्ग उरत नसे. १९०७ मध्ये मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांचा अभ्यास परळच्या चाळीतील एका खोलीत झाला. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत सारे कुटुंब, आणि त्याच खोलीत झोप. मुलाला निवांतपणा मिळावा म्हणून वडील त्याला रात्री लवकर निजवीत, स्वतः जागत बसत आणि दोनच्या सुमारास त्याला उठवून आपण त्या जागी आडवे होत, अशी हकिकत त्यांच्या चरित्रात आलेली आहे. विद्यापीठाने जी जागा दिली नाही, ती जागा एका बापाने आपल्या झोपेतून काढून दिली, असाच या हकिकतीचा अर्थ आहे. मात्र असा बाप प्रत्येकाला लाभतो असे नाही, आणि कोणत्याही शिक्षणपद्धतीने त्यावर विसंबून राहणे योग्य नव्हे.

विद्येच्या मार्गातील खरी अडचण शिकवणीच्या फीची नसून मुक्कामाची आहे, हे ज्यांनी फार लवकर ओळखले, त्यांत कोल्हापूरचे शाहू छत्रपती अग्रगण्य होत. कोल्हापुरात राजाराम महाविद्यालय होते, त्याचे दार कायद्याने कोणालाही बंद नव्हते. पण खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याच्या मुलाने शहरात राहावे कोठे आणि जेवावे कोणाकडे? सर्वांसाठी म्हणून काढलेल्या एका वसतिगृहात प्रत्यक्षात एकाच वर्गाचा भरणा झाल्याचा अनुभव महाराजांनी घेतला होता. १९०१ मध्ये त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. त्यामागोमाग जैन, लिंगायत, मुसलमान आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी एकामागून एक वसतिगृहे निघाली. जमिनी, इमारती आणि वार्षिक नेमणुका दरबारातून मिळाल्या. कोल्हापूरचा हा विस्तार कोणा नगररचनाकाराने आखलेला नव्हता, पण त्याचा परिणाम एखाद्या मोठ्या आराखड्यासारखाच झाला. महाविद्यालय होते तेथेच राहिले आणि त्याच्याभोवती विद्यार्थ्यांच्या मुक्कामाची जागा निर्माण झाली. शाळेची इमारत न बदलता शाळेत येणारा वर्ग बदलला.

मात्र जातवार वसतिगृहांना एक मर्यादाही होती. ज्या भिंतींनी मुलाला आसरा दिला, त्याच भिंतींनी त्याला शेजारच्या मुलापासून वेगळे ठेवले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहणाऱ्या भाऊराव पाटलांना ही मर्यादा स्वतःच्या अनुभवातून कळली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले, परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यास जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एका छपराखाली राहू लागली आणि एका पंगतीत जेवू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. स्वयंपाकघर एक ठेवावयाचे की अनेक, हा प्रश्न वरवर पाहता बांधकामाचा किंवा खर्चाचा वाटतो. परंतु साताऱ्याच्या त्या एका चुलीने जे शिकविले, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाला शिकविता आले नसते.

जागा कोठे निवडावी या प्रश्नाचा आणखी एक पैलू हिंगण्याच्या इतिहासात दिसतो. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम स्थापन केला आणि १९०० मध्ये तो पुणे शहराबाहेर, हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. शहरातील लोकमत विरोधी होते. तरुण विधवांनी शिकावे ही गोष्टच पुष्कळांना सोसवत नव्हती. त्या नजरांपासून दूर असलेली जागा हाच त्या मुलींचा खरा आधार ठरला. परंतु या दूरपणाची किंमत कोणी तरी मोजावीच लागते. ती कर्व्यांनी स्वतः मोजली. फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे अध्यापन आटोपून ते सायंकाळी सामानसुमान घेऊन चिखलधोंड्यांच्या वाटेने हिंगण्यास पायी जात आणि सकाळी पुन्हा पायी परत येत. पुढे १९१६ मध्ये याच प्रयत्नातून भारतातील पहिले महिला विद्यापीठ उदयास आले. हिंगण्याच्या उदाहरणाने एक गोष्ट शिकविली. शहरापासूनचे अंतर कधी संरक्षण असते आणि कधी शिक्षा असते. ते अंतर कोण चालतो आणि ते कोणाच्या इच्छेने राखले जाते, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो.

ज्या वर्षी कर्व्यांचे विद्यापीठ निघाले, त्याच १९१६ सालच्या वसंतपंचमीस काशी येथे हिंदू विश्वविद्यालयाची कोनशिला बसली. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या मनात परीक्षा घेणारे विद्यापीठ नव्हते. गुरू आणि शिष्य एकत्र राहतील अशी एक विद्यानगरी त्यांना हवी होती. काशीनरेशांच्या औदार्याने शहराच्या दक्षिणेस सुमारे १३०० एकर जमीन मिळाली, आणि तीवर अर्धवर्तुळाकार नगरी आखण्यात आली. एकामागे एक वळत जाणारे रस्ते, त्यांना छेदणारे सरळ रस्ते, आणि त्यांच्या कडेने महाविद्यालये, खेळाची मैदाने व वसतिगृहे यांच्या ओळी अशी ही रचना आहे. राहण्याची जागा आणि शिकण्याची जागा एकाच आखणीत बसविण्याचा एवढा मोठा प्रयत्न देशात तोपर्यंत झाला नव्हता. मुंबई-कलकत्त्याच्या विद्यार्थ्याला जे खोलीखोलीने शोधावे लागे, ते येथे विद्यापीठाने स्वतःची जबाबदारी म्हणून स्वीकारले. महाराष्ट्र, आंध्र, पंजाब, बंगाल अशा दूरदूरच्या प्रांतांतून मुले काशीस येऊन राहू शकली, याचे श्रेय मालवीयांच्या वाणीइतकेच त्या वसतिगृहांनाही आहे.

कलकत्त्यातही याच सुमारास विचारमंथन सुरू झाले होते. १९१७ मध्ये मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने कलकत्ता विद्यापीठाची पाहणी केली, तेव्हा केवळ अभ्यासक्रम पाहून तो थांबला नाही. विद्यार्थी कोठे राहतात, कोणत्या खोल्यांत झोपतात, त्यांच्या 'मेस'मधील हवा आणि उजेड कसा आहे, याचीही त्याने दखल घेतली. १९२१ मध्ये ढाका येथे जे विद्यापीठ सुरू झाले, ते आरंभापासूनच निवासी ठेवण्यात आले. वंगभंग रद्द झाल्यामुळे रमना भागात प्रांतिक सरकारसाठी उभारलेल्या इमारती मोकळ्या पडल्या होत्या, त्या विद्यापीठाच्या उपयोगी पडल्या. विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या 'हॉल'चा सभासद असलाच पाहिजे, असा नियम झाला. विद्यार्थिजीवनाचे केंद्र वर्गातून वसतिगृहात आले. पण मुस्लिम हॉल वेगळा आणि जगन्नाथ हॉल वेगळा, अशी त्यांची विभागणी होती. कोल्हापूर-साताऱ्याचा प्रश्न येथेही दुसऱ्या रूपाने उभा होताच. विद्यार्थ्यांना एकत्र आणण्यासाठी इमारती बांधावयाच्या, आणि त्या इमारतींची वाटणी मात्र समाजातील जुन्या रेषांवरून करावयाची, असे हे त्रांगडे होते.

काशी आणि ढाका येथील योजना पूर्णवेळ विद्यार्थ्यासाठी होत्या. ज्याला दिवसा पोटासाठी नोकरी करावी लागते, त्याचा विचार त्यांत नव्हता. तो विचार परळच्या खोलीत शिकलेल्या विद्यार्थ्याने केला. १९४५ मध्ये डॉ. आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्यांना कचेरीची वेळ सांभाळून शिकता यावे म्हणून तेथे सकाळच्या वर्गांची सोय ठेवण्यात आली. येथे नकाशा आणि घड्याळ यांचा संबंध स्पष्ट होतो. कचेऱ्या आणि रेल्वेची मोठी स्थानके ज्या भागात आहेत, त्याच भागात महाविद्यालय असेल, तरच सकाळचा तास संपवून कारकून वेळेवर कामावर हजर होऊ शकतो. तेच महाविद्यालय शहराबाहेर एखाद्या रम्य टेकडीवर नेले असते, तर सकाळच्या वर्गांचा काडीइतकाही उपयोग झाला नसता.

औरंगाबादेस मात्र त्यांनी याच्या नेमका उलट निर्णय घेतला, आणि तोही विद्यार्थ्याच्या दिवसाकडे पाहूनच घेतला. मराठवाड्यात तोवर पदवीपर्यंतच्या शिक्षणाची सोय नव्हती. त्यासाठी हैदराबाद गाठावे लागे आणि खेड्यातल्या गरीब मुलाला ते अशक्यच होते. १९५० मध्ये तेथे जे महाविद्यालय सुरू झाले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्धीस आले. त्यासाठी शहराच्या कडेला विस्तीर्ण जमीन मिळविण्यात आली आणि त्या परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले. येथे येणारा विद्यार्थी कचेरीतला कारकून नव्हता. तो गावकुसाबाहेरून आलेला, शहरात भाड्याने खोली मागितली असता जात विचारली जाणारा मुलगा होता. त्याला वर्गाइतकीच वसतिगृहाची आणि मोकळ्या आवाराची गरज होती. मुंबईत स्थानकाजवळची दाटीची इमारत आणि औरंगाबादेस वनासारखे आवार, असे दोन अगदी भिन्न निर्णय एकाच माणसाने चार वर्षांच्या अंतराने घेतले. दोन्ही बरोबर ठरले, कारण दोन्ही वेळा प्रश्न एकच विचारला गेला होता: येथे शिकावयास येणाऱ्याचा दिवस कसा जाणार?

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांची संख्या झपाट्याने वाढू लागली. नव्या राष्ट्राजवळ पैसा थोडा आणि घाई फार, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी जुन्या राज्यकर्त्यांच्या वास्तू विद्येच्या उपयोगी आल्या. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये गणेशखिंडीतील गव्हर्नरांच्या निवासस्थानी आले. चारशेहून अधिक एकरांची ती बाग आणि १८६४ मध्ये बांधावयास घेतलेला तो प्रासाद एका अधिकाऱ्याच्या पावसाळी मुक्कामासाठी होता. गव्हर्नरांची बग्गी दारापासून पायरीपर्यंत जात असे; विद्यार्थी मात्र फाटकापासून विभागापर्यंत चालत किंवा सायकलीने जाऊ लागला. वडाच्या सावलीने त्याला निवांतपणा दिला, हे खरेच. पण शहरातल्या वाड्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याला सायकल नसेल, तर दिवसाचे कित्येक तास रस्त्यावरच जात, हेही तितकेच खरे. पुण्याच्या विद्यार्थिजीवनात सायकलीला जे स्थान मिळाले, त्याचे कारण या अंतरांतही शोधावे लागेल.

बंगालमध्ये खरगपूरजवळच्या हिजली येथे तर एका बंदिखान्याचे विद्यामंदिर झाले. ज्या स्थानबद्धांच्या छावणीत १९३१ मध्ये गोळीबार होऊन संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोन राजबंदी ठार झाले, त्याच इमारतीत १९५१ मध्ये देशातील पहिल्या तंत्रविज्ञान संस्थेचे, म्हणजे आय. आय. टी.चे, काम सुरू झाले. जवाहरलाल नेहरूंनी १९५६ मध्ये तेथील पहिल्या पदवीदान समारंभात या परिवर्तनाचा आवर्जून उल्लेख केला. त्यातील रोमांच मोठा आहे. परंतु इतिहासाचे हे दान स्वीकारताना अशा संस्थेला एक गोष्ट नव्याने करावीच लागते. पहारेकऱ्याला सर्वांवर नजर ठेवता यावी म्हणून बांधलेल्या जागेत, माणसे एकमेकांना मोकळेपणाने भेटतील अशी जागा निर्माण करणे, ही ती गोष्ट होय.

हा प्रश्न कोऱ्या जमिनीवर सोडविण्याची संधी उत्तर प्रदेशात कानपूर येथे मिळाली, आणि ती ज्या दोघांना मिळाली ते दोघेही मराठी होते. १९५९ मध्ये कानपूरच्या आय. आय. टी.चे पहिले संचालक म्हणून डॉ. पुरुषोत्तम काशीनाथ केळकर आले. मुंबईजवळ पवई येथील संस्थेच्या आखणीत त्यांनी आधी काम केलेले होते. आराखड्याचे काम अच्युत कानविंदे यांच्याकडे आले. कानविंदे हे कोकणातील आचऱ्याचे, १९१६ साली जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून पुढे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर ग्रोपिउस यांच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले होते. संस्थेचे पहिले वर्ग शहरातील एका उसन्या जागेत भरले, आणि १९६३ मध्ये ती शहरापासून दूर, ग्रँड ट्रंक रस्त्यावरील कल्याणपूरच्या सुमारे हजार एकर जमिनीवर गेली.

एवढी जमीन हाती असताना प्रत्येक विभागाला आपापला स्वतंत्र वाडा आणि त्यापुढे बाग देण्याचा मोह सहज झाला असता. पुष्कळ विद्यापीठांत तसे झालेही. तेथे रसायनशास्त्राचा विद्यार्थी गणिताच्या विद्यार्थ्याला वर्षानुवर्षे भेटत नाही, आणि एका तासावरून दुसऱ्या तासाला जाताना उन्हात अर्धा मैल चालून तो घामाघूम होतो. कानपूरच्या आराखड्यात शिक्षणाच्या सर्व इमारती मुद्दाम जवळजवळ आणण्यात आल्या. मध्यभागी ग्रंथालय, त्याच्या आसपास व्याख्यानगृहे, प्राध्यापकांच्या खोल्या आणि प्रयोगशाळा, आणि या सर्वांना जोडणारे, वर छत असलेले पादचारी मार्ग. मोटारींचे रस्ते बाहेरच्या कडेने गेले. आतला भाग चालणाऱ्याचा राहिला. ज्या गावी उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, तेथे छपराखालून चालता येणे ही चैन नव्हे. दुपारचा तास बुडावा की न बुडावा, हे त्यावर ठरते. शिवाय सारेच त्या एका मार्गाने जाऊ लागले, की प्राध्यापक आणि विद्यार्थी, यंत्रशास्त्रज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ यांची दिवसातून दोनचार वेळा गाठ पडणे अपरिहार्य होते. वर्गात जो प्रश्न विचारण्याचा धीर होत नाही, तो चालता चालता विचारला जातो. तेथील ग्रंथालयाला आज डॉ. केळकर यांचे नाव आहे. ज्या जागेवरून सर्वांनी जावे अशी योजना होती, त्याच जागेला ते नाव मिळावे, हे उचितच झाले.

कानपूरची योजना निर्दोष होती असे मात्र म्हणता येणार नाही. संस्था शहरापासून दूर गेली, त्यामुळे विद्यार्थ्यांचा आणि नगराचा संबंध तुटक राहिला. शिवाय कोणताही नकाशा आपल्या काळातील विद्यार्थिसंख्या गृहीत धरून काढलेला असतो. २००६ च्या कायद्याने इतर मागासवर्गीयांसाठी केंद्रीय संस्थांत राखीव जागा आल्या आणि एकंदर जागाही वाढविण्यात आल्या. हा बदल न्याय्य होता. पण वर्गातील बाके वाढविणे सोपे आणि वसतिगृहातील खोल्या वाढविणे अवघड. जेथे दुसरी गोष्ट पहिलीच्या मागे पडते, तेथे एकाची खोली दोघांची होते आणि भोजनगृहापुढची रांग लांबते. वाढीला वाव न ठेवणारा नकाशा पुढच्या पिढीतील विद्यार्थ्यांवर असा बोजा टाकतो.

याहून गंभीर प्रश्न काशीच्या त्याच रम्य विद्यानगरीत उभा राहिला. १९२९ मध्ये तेथे महिला महाविद्यालय सुरू झाले आणि मुली मोठ्या संख्येने येऊ लागल्या. रुंद रस्ते, दाट झाडी आणि दूरदूर वसलेल्या इमारती या ज्या गोष्टी दिवसा मन प्रसन्न करतात, त्याच अंधार पडल्यावर मुलींना भयप्रद वाटू लागतात. सप्टेंबर २०१७ मध्ये वसतिगृहाकडे परतणाऱ्या एका विद्यार्थिनीची छेड काढण्यात आली, तेव्हा शेकडो विद्यार्थिनींनी विश्वविद्यालयाच्या सिंहद्वारापुढे ठाण मांडले. त्यांच्या मागण्यांत रस्त्यांवरील दिव्यांची मागणी होती. आंदोलन चिघळले, लाठीमार झाला आणि देशभर त्याची चर्चा झाली. त्यापूर्वी, २०१५ मध्ये, दिल्लीच्या विद्यार्थिनींनी 'पिंजरा तोड' या नावाने वसतिगृहांच्या वेळांविरुद्ध चळवळ सुरू केली होती. दोन्ही ठिकाणी मूळ प्रश्न एकच होता. अंधारा रस्ता सुरक्षित करण्याऐवजी मुलीलाच संध्याकाळी खोलीत कोंडले, तर ग्रंथालयाचे रात्रीचे तास कोणासाठी? कागदावर ग्रंथालय सर्वांसाठी उघडे असते. दिवा आणि फाटक मिळून ते अर्ध्या विद्यार्थ्यांना बंद करतात. हिंगण्याला एका माणसाने अंतर स्वतः चालून जे ओझे उचलले, ते ओझे येथे मुलींच्याच पदरात टाकले गेले होते.

मुक्कामाचा प्रश्नही सुटलेला नाही. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांना भोजन आणि निवास यांसाठी रक्कम देणारी स्वाधार योजना महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ पासून सुरू केली. शाहू छत्रपतींनी जे १९०१ मध्ये ओळखले होते, तेच शासनाला शंभराहून अधिक वर्षांनंतर पुन्हा मान्य करावे लागले. आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने शिक्षणसंस्थांच्या इमारती सर्वांना वापरता येतील अशा असाव्यात, असे बंधन घातले, तेव्हा जुन्या भव्य इमारतींच्या भव्य पायऱ्यांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. ज्या पायऱ्या शंभर वर्षे वैभवाची खूण मानल्या गेल्या, त्या चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्याला भिंतीसारख्याच होत्या. त्या भिंतीचा उल्लेख कोणत्याही इतिहासात आला नाही, कारण तिच्या पलीकडचा विद्यार्थी आत आलाच नव्हता.

या साऱ्या इतिहासातून विद्यापीठ शहरात असावे की शहराबाहेर, आवार विस्तीर्ण असावे की आटोपशीर, याचे एकच एक उत्तर निघत नाही. सिद्धार्थ महाविद्यालय शहरात असणे योग्य होते आणि नागसेनवन शहराच्या कडेला असणे योग्य होते. काशीच्या विस्ताराने एका पिढीला आसरा दिला आणि दुसऱ्या पिढीतील मुलींना धास्ती दिली. परंतु चांगल्या निर्णयांत एक समान धागा मात्र स्पष्ट दिसतो. ते घेणाऱ्यांनी प्रथम इमारतीचा दर्शनी भाग पाहिला नाही. पहाटे उठणाऱ्या, दूरवरून चालत येणाऱ्या, खिशात मोजके पैसे असणाऱ्या आणि रात्री उशिरापर्यंत वाचू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस त्यांनी डोळ्यांपुढे आणला, आणि मग रेघ ओढली. शाहू छत्रपती आणि भाऊराव पाटील हे वास्तुविशारद नव्हते, तरीही विद्यार्थ्याच्या दिवसाचा नकाशा त्यांना अचूक वाचता आला. उद्या कोठेही नव्या विद्यापीठाची कोनशिला बसेल, तेव्हा तिच्यावर कोणाचे नाव कोरावयाचे याची चर्चा होईलच. पण त्या जागेपासून वसतिगृह किती पावलांवर आहे, आणि त्या वाटेवर दिवा आहे की नाही, हे कोणी तरी आधी मोजून पाहिले असेल, तर त्या विद्यापीठाचा आरंभ शुभ झाला असे खुशाल समजावे.